वाड्यातील पेंढा भरलेली जनावरे रीतसर कशी सोपवावीत

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जुन्या मराठी वाड्यांच्या वाटण्या सुरू झाल्या, की झुंबरे, समया आणि तांब्या-पितळेची भांडी यांचा निकाल लवकर लागतो. दिवाणखान्याच्या भिंतीवरचे बिबट्याचे मुंडके मात्र कोणालाच आपल्या वाट्याला नको असते. शिवपुरीचे जंगल हे संस्थानाचे शिकारीचे रान होते आणि त्या काळी अशा वस्तू घरात असणे मानाचे समजले जाई. आता ते मुंडके नकोसे झाले म्हणून भंगारवाल्याला देणे, ऑनलाइन विकणे, जाळणे किंवा रात्री नाल्यात टाकून येणे, यांपैकी काहीही करू नये. ते वन विभागाच्या स्वाधीन करावे, आणि त्यातही आधी कागद हलवावा, वस्तू नंतर.

प्रथम घरात नेमके काय आहे, हे पाहावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा केवळ पेंढा भरलेल्या जनावरांपुरता नाही. वन्य प्राण्यांची कातडी, शिंगे, नखे, दात आणि हाडेही त्यात येतात. त्यामुळे मुंजीसाठी जपून ठेवलेले मृगाजिन, आजोबांचे जपाचे व्याघ्रांबर आणि बाळाच्या गळ्यात घालण्यासाठी सोन्यात मढवलेले वाघनख यांचीही नोंद यादीत करावी. सांबर-चितळांची शिंगे आपोआप गळून पडतात, म्हणून ती ठेवायला हरकत नाही, हा समज चुकीचा आहे. मोराच्या शेपटीच्या पिसांना सूट आहे. पाळीव म्हशीच्या शिंगांचा या कायद्याशी संबंध नाही.

यानंतर मालकी प्रमाणपत्र, म्हणजे अशी वस्तू कायदेशीररीत्या आपली असल्याचा वन विभागाचा दाखला, शोधावे. हे काम वाटते तितके सोपे नसते, कारण तो कागद बहुधा आजोबांच्या नावावर, जमिनीच्या दस्तऐवजांच्या ट्रंकेत, भलत्याच पुडक्यात असतो. प्रमाणपत्र सापडल्यास अर्धे काम झाले. प्रमाणपत्र असलेली वस्तू वारशाने आली असेल, तर वारसाने नव्वद दिवसांच्या आत राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे घोषणापत्र द्यावे लागते. मुदत उलटली असल्यास ती बाब न लपवता अर्जातच मांडावी. प्रमाणपत्र असले तरी विक्रीला परवानगी नाही, हेही लक्षात ठेवावे.

प्रमाणपत्र मुळातच नसेल, तर मामला नाजूक आहे. विनाप्रमाणपत्र वस्तू जाहीर करण्यासाठी २००३ मध्ये १८० दिवसांची संधी देण्यात आली होती. ती केव्हाच संपली. अशा वस्तूचा ताबा बेकायदा नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी ताबेदारावर असते आणि कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीतील, प्राण्यांच्या बाबतीत तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. म्हणून फौजदारी काम पाहणाऱ्या वकिलाचा सल्ला घेऊन, वस्तू घरात कोणाकडून आणि केव्हा आली याचे जुने फोटो, पत्रे, वाटणीपत्र असे पुरावे जोडून वनमंडळाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा. ओळखीच्या माणसाकरवी तोंडी मिटवण्याचा प्रयत्न करू नये.

प्रमाणपत्रधारकासाठी वाट सरळ आहे. २०२२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ४२-क नुसार, वस्तू ठेवण्याची इच्छा नसल्यास मुख्य वन्यजीव रक्षकांना सात कामकाजी दिवसांची नोटीस देऊन ती त्यांच्या स्वाधीन करता येते. मध्य प्रदेशात हे कार्यालय भोपाळला आहे. नोटिशीची प्रत ग्वाल्हेरच्या वनमंडळाधिकाऱ्यांनाही द्यावी आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. नोटिशीत प्राण्याचे नेमके नाव, नग, लांबी-रुंदी, प्रमाणपत्राचा क्रमांक, वस्तूवरील किंवा फळीमागील खूण आणि दोन्ही बाजूंचे फोटो असावेत. मी पहिल्या पत्रात ‘हरणाचे मुंडके, एक नग’ एवढेच लिहिले होते आणि ते परत आले. चूक माझीच होती, कारण चितळ आणि सांबर यांत फरक न करणाऱ्या पत्राची नोंद तरी कशी करणार? वस्तू स्वाधीन केल्यावर भरपाई मिळत नाही, ती सरकारच्या मालकीची होते आणि प्रमाणपत्र रद्द होते. एखाद्या संग्रहालयाला ती हवी असल्यास हीच गोष्ट अर्जात लिहून परवानगी मागावी. परस्पर नेऊन देऊ नये.

आता विषाबद्दल, कारण याकडे सहसा कोणाचे लक्ष नसते. जुने कारागीर कातड्याला कसर लागू नये म्हणून आतून सोमलयुक्त (आर्सेनिक या विषारी द्रव्याचा) साबण चोपडत. जनावरांत पेंढा भरणाऱ्या म्हैसूरच्या प्रसिद्ध व्हॅन इंगेन कारखान्यातही सोमल वापरला जाई. आमच्या चितळाच्या एका कानाचा टवका उडून आतला लगदा दिसत होता, हनुवटीखालची शिवण उसवली होती आणि काचेच्या डोळ्याभोवती पांढरट भुकटी जमली होती. ती भुकटी साधी धूळ आहे असे मानून फुंकर मारू नये किंवा ब्रशने झाडू नये. घरातील व्हॅक्यूम क्लीनरही वापरू नये, कारण त्याने बारीक कण खोलीभर पसरतात. आणि जाळल्यास सोमलाचा विषारी धूर होतो. नायट्राइलचे हातमोजे आणि एन-९५ मास्क घालून, दोघांनी मिळून मुंडके फळीसकट उतरवावे, जाड प्लास्टिकमध्ये सैलसर गुंडाळावे आणि मुलांच्या व मांजरांच्या वाटेत नसलेल्या कोरड्या खोलीत ठेवावे.

वस्तू आपल्या गाडीतून नेण्याऐवजी, शक्यतो कर्मचाऱ्यांनी घरी येऊन ताब्यात घ्यावी, अशी विनंती नोटिशीतच करावी. वन विभागाच्या परवानगीशिवाय ती कुरियरने किंवा रेल्वे पार्सलने पुण्याच्या भावाकडे पाठवणे तर अजिबात नको. ताबा देताना पंचनाम्यातील वर्णन प्रमाणपत्राशी ताडून पाहावे, सहीची प्रत मागून घ्यावी आणि ती वाड्याच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी. आत काय आहे, याची सूचना कर्मचाऱ्यांना केवळ तोंडी न देता गुंडाळलेल्या प्लास्टिकवर ‘सोमल असण्याची शक्यता’ असे ठळक लिहावे. मागे उरलेला खिळा आणि भिंतीवरचा उजळ चौकोन ओल्या फडक्याने पुसून ते फडके, हातमोजे आणि मास्क एका पिशवीत बांधून घरगुती घातक कचरा म्हणून वेगळे द्यावे आणि त्यानंतरच त्या भिंतीला रंग लावावा.