सीट खाली केली म्हणजे सायकल लहान होत नाही : बायकांनी एमटीबी (माउंटन बाइक) घेताना या चुका टाळा

"मॅडम, सीट खाली करून देतो, बरोबर बसेल." सहा वर्षांपूर्वी एका दुकानात हे ऐकलं आणि १८ इंची फ्रेमची सायकल घेऊन मी घरी आले. माझी उंची पाच फूट एक इंच. सीट पार तळाला गेली, पाय जमिनीला टेकले, मला वाटलं झालं काम. तीन आठवड्यांत गुडघ्याची वाटी पुढून दुखायला लागली. अर्धा तास चालवलं की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं. एकदा बोरिवलीत सिग्नलला घाईने सीटवरून पुढे उतरले, तर फ्रेमचा वरचा आडवा दांडा असा लागला की रिक्षा करून घरी यावं लागलं. वर्षाच्या आत ती सायकल निम्म्या किमतीला विकली.

तेव्हापासून सोसायटीतली, ऑफिसातली किंवा नात्यातली कुणी सायकल घ्यायला निघाली की मी टेप घेऊन बरोबर जाते. त्या फेऱ्यांमध्ये ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, त्या इथे लिहिते आहे.

चाकाच्या इंचांना सायकलचं माप समजणं

दुकानात पहिला प्रश्न येतो, "२६ ची हवी की २७.५ ची?" हा आकडा चाकाचा असतो. लहानपणापासून आपण "२२ ची सायकल", "२४ ची सायकल" असंच बोलत आलो, त्यामुळे बाईने २६ सांगितलं की माप झालं असं सगळेच धरून चालतात. तुमच्या अंगाला बसते किंवा बसत नाही ती फ्रेम. तिचं माप वेगळं असतं : १४, १६, १८ इंच किंवा एक्सएस, एस, एम. एकाच २७.५ च्या चाकावर तिन्ही मापांच्या फ्रेम मिळतात. दुकानात मात्र बहुतेक वेळा एम उभी असते, कारण ती जास्त खपते. "एस मागवावी लागेल, दोन आठवडे लागतील" असं म्हणाले तर थांबा. दोन आठवडे थांबणं परवडतं.

२९ च्या चाकांबद्दलही बोलायला हवं. खड्ड्यावरून ती छान जातात, पण पाच फुटांच्या आसपास उंची असेल तर लहान फ्रेममध्ये ती कोंबलेली असतात. हँडल वर येतं, आणि हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासू शकतं. त्या उंचीला मी २७.५ किंवा चांगली २६ सुचवते.

बसल्या जागी दोन्ही पाय टेकायलाच हवेत, हा हट्ट

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते. शिवाय ती भीतीपोटी होते, म्हणून सावकाश लिहिते.

मुंबईच्या रस्त्यावर मागे बस उभी असते, बाजूने रिक्षा घुसते. अशा वेळी पाय टेकले की धीर येतो, आणि म्हणून बाई सीट खाली करते. पण सीट खाली गेली की पायडल मारताना गुडघा प्रत्येक फेरीत गरजेपेक्षा जास्त दुमडतो आणि सगळा भार वाटीवर येतो. खालच्या पायडलला पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा, गुडघा किंचितसा वाकलेला. त्या उंचीवर सीट असली तर बसल्या बसल्या फार तर चवड्याचं टोक टेकतं, आणि ते बरोबरच आहे. थांबायचं झालं की ब्रेक दाबत सीटवरून पुढे उतरायचं, दांडा दोन पायांत घेऊन उभं राहायचं. निघताना एक पायडल वर घ्यायचं, त्यावर उभं राहत सीटवर बसायचं. रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात वीस वेळा करा, जमतं. माझ्या धाकट्या जावेला दोन रविवार लागले.

आता लक्षात घ्या. थांबताना दांड्यावर उतरायचं असेल, तर दांडा तुमच्या जांघेच्या खाली असायलाच हवा. सीट कितीही वर-खाली होईल, दांडा जागचा हलत नाही. मोठी फ्रेम इथेच नापास होते.

माप घरीच घ्या. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहा, पायांत एक वीत अंतर ठेवा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक पायांमध्ये धरून वर ओढा, सीटवर बसल्यासारखा दाब येईपर्यंत. पुस्तकाच्या वरच्या कडेची भिंतीवर पेन्सिलने खूण करा आणि जमिनीपासून मोजा. जावेची उंची पाच फूट, खूण आली ७० सेंटिमीटरवर. हा आकडा फोनमध्ये लिहून ठेवा. दुकानात रोजचे बूट घालून दांडा दोन पायांत घेऊन उभं राहायचं. रस्त्यावर चालवणार असाल तर दोन-तीन बोटं जागा हवी, खडबडीत वाटेवर जाणार असाल तर चार. सीटच्या उंचीसाठी रोड सायकलवाल्यांचं जुनं सूत्र सुरुवातीला पुरतं : त्या मापाला ०.८८३ ने गुणा. ७० ला साधारण ६२ सेंटिमीटर येतात. पायडलचा दांडा जिथे फिरतो त्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत हे अंतर. एमटीबीला याहून एखादा सेंटिमीटर खाली ठेवलं तरी चालतं.

'लेडीज' लिहिलंय म्हणून घेणं

आपल्याकडे लेडीज सायकल म्हणजे उतरता दांडा आणि पुढे टोपली, हे लेडीबर्ड सायकलच्या दिवसांपासून डोक्यात बसलंय. एमटीबीत तोच शब्द कधी फक्त रंगाचा असतो. जांभळा पट्टा आणि मऊ सीट, फ्रेम तीच.

यामागचा खरा प्रश्न जुना आहे. अमेरिकेत जॉर्जिना टेरी यांनी १९८५ मध्ये बायकांसाठी सायकली बनवायची कंपनी काढली. लहान फ्रेममध्ये मोठं चाक बसवायचं तर फ्रेम लांबवावी लागते, म्हणून त्यांनी आपल्या रोड सायकलींना पुढचं चाकच लहान लावलं. जायंट कंपनीने २००८ मध्ये बॉनी टू यांच्या पुढाकाराने लिव्ह हा बायकांचा वेगळा ब्रँड सुरू केला, आणि तिथे आजही फ्रेम बायकांच्या मापांवरून आखतात. उलट स्पेशलाइझ्ड या सायकल कंपनीने २०१९ मध्ये आपल्याकडच्या हजारो फिटिंगच्या नोंदींवरून सांगितलं की बाई-पुरुष असा भेद करण्यापेक्षा माणसा-माणसांतला फरक मोठा आहे, आणि वेगळ्या बायकी फ्रेमचा आग्रह सोडला.

माझा अनुभव स्पेशलाइझ्डच्या बाजूला झुकतो. माझी आणि जावेची उंची एका इंचाने वेगळी, पण तिचे पाय लांब आणि धड आखूड, माझं बरोबर उलट. एकच सायकल दोघींना बसत नाही. तेव्हा नावाकडे बघू नका, कंपनीच्या मापांच्या तक्त्यात 'रीच' बघा, म्हणजे पायडलचा दांडा जिथे फिरतो त्या मध्यापासून फ्रेमच्या पुढच्या, हँडलखालच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर. एस आणि एम यांत ते साधारण दोन-अडीच सेंटिमीटरने वाढतं. ऐकायला थोडं वाटतं, पण दीड तास चालवल्यावर खांद्यांना कळतं. फ्रेम थोडीशीच लांब असेल तर आखूड स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) लावून एक-दोन सेंटिमीटर वाचवता येतात. त्यापलीकडे सायकल बदलणं हाच उपाय.

हँडलचंही तेच. हल्ली ७४०-७६० मिलिमीटरची हँडल येतात. अरुंद खांद्यांच्या बाईचे हात त्यावर पसरतात, आणि ट्रॅफिकमधून जाताना आरशांना टोक लागतं ते वेगळं. दोन्ही बाजूंनी दीड-दोन सेंटिमीटर कापून घेता येतं. आधी ग्रिप आत सरकवून आठवडाभर चालवून बघा. कापलेलं परत जोडता येत नाही.

मऊ सीट म्हणजे आरामाची सीट, हा गैरसमज

जावेला सीट टोचायची. "ताई, जेलचं कव्हर टाकते," म्हणाली. टाकलं, आणि त्रास वाढला. बसताना वजन दोन हाडांवर यायला हवं. मऊ गादीत ती हाडं रुततात आणि मधला नाजूक भाग दाबला जातो. मग बधिरपणा येतो, जळजळ होते, आणि बायका हे कुणाला सांगत नाहीत, सायकल बंद करतात.

आम्ही स्टुलावर नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला, पार्सलच्या खोक्याचा. ती त्यावर बसली, थोडी पुढे वाकली, मिनिटभराने उठली. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटले होते, आडवा प्रकाश पाडल्यावर स्पष्ट दिसले. मध्यापासून मध्यापर्यंत १२ सेंटिमीटर. त्यात दोन-अडीच सेंटिमीटर मिळवले की सीटची रुंदी येते, म्हणजे १४०-१४५ मिलिमीटर. सायकलबरोबर आलेली सीट याहून बरीच अरुंद होती. मधे खाच असलेली, बऱ्यापैकी कडक, १४५ ची सीट लावली आणि कव्हर काढून टाकलं. सीट सपाट ठेवा. नाक अगदी किंचित खाली चालेल, पण जास्त खाली केलंत तर तुम्ही सतत पुढे घसराल आणि सगळा भार तळहातांवर येईल. पॅड असलेली शॉर्ट लेगिंगच्या आत घालता येते. तिच्या आत मात्र काही घालू नका, शिवणी तिथेच घासतात.

शॉकअप दुसऱ्याच्या वजनाचा

स्वस्त एमटीबीच्या पुढच्या शॉकअपमध्ये साधी स्प्रिंग असते, आणि ती बहुधा ७०-८० किलोचा माणूस डोळ्यांपुढे ठेवून निवडलेली असते. ५० किलोच्या बाईखाली ती दबतच नाही. मग तुम्ही शॉकअपचं अडीच-तीन किलो वजन वाहता आणि दणके हातालाच बसतात. तपासायला सोपं आहे : शॉकअपच्या चकचकीत नळीवर केबल टाय अलगद बांधा, तळाशी सरकवा, सायकलवर स्थिर बसा, हळूच उतरा. १०० मिलिमीटरच्या शॉकअपमध्ये तो टाय २० मिलिमीटरच्या आसपास वर सरकलेला दिसायला हवा. जागचा हलला नसेल तर स्प्रिंग तुमच्यासाठी कडक आहे. वरची चकती फिरवून ती मऊ होत नाही, तिने फक्त सुरुवातीचा ताण बदलतो. हवेचा शॉकअप वजनाप्रमाणे जुळवता येतो, पण महाग पडतो. बजेट नसेल तर मी सरळ बिनशॉकअपची हलकी सायकल घ्यायला सांगते. आणि कमी किमतीतली मागे-पुढे शॉकअपवाली अजिबात नको. ती जड असते, चढावर डुलते, आणि बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर रोज खांद्यावरून न्यायची वेळ तुमच्यावर येते.

दणक्यांचा निम्मा इलाज टायरच्या हवेत असतो. पंक्चरवाला हाताला दगड लागेल इतकी हवा भरतो. ५० किलो वजन आणि दोन इंच रुंद टायर असेल तर डांबरावर ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरते, मातीत ३० च्या आसपास. टायरच्या बाजूला किमान-कमाल आकडा छापलेला असतो, त्याच्या आत राहा. घरी गेजवाला पंप ठेवा.

आधी कुठे चालवणार ते ठरवा

नॅशनल पार्कात आपण कान्हेरीपर्यंत जातो तो रस्ता डांबरी आहे, तो सोडून जंगलात शिरायचं नसतं. आरे, येऊर, पाम बीच रोड, सगळं डांबरच. सी लिंकवर सायकलला बंदी आहे. मग जाड खाचांचे टायर कशासाठी? ते डांबरावर गुणगुणतात आणि पायाचा जोर खातात. मधे गुळगुळीत आणि कडेला खाचा असलेले टायर लावले की तीच सायकल हलकी वाटते. फक्त मरिन ड्राइव्हवर पहाटे फिरायचं असेल तर एमटीबी घेऊच नका, हायब्रिड (रोड सायकल आणि एमटीबी यांच्या मधली) घ्या. वर्सोव्याहून फेरीबोटीत सायकल टाकून मढला जायचं असेल, पावसाळ्यानंतर कर्जतकडच्या मातीच्या वाटा तुडवायच्या असतील, किंवा रोजच्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक उखडलेले असतील, तर एमटीबी खरी कामाची.

चढ असेल तर गिअर किती आहेत यापेक्षा सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे ते विचारा. पुढचं लहान चक्र २८ दातांचं आणि मागचं मोठंही २८ चं असेल, तर येऊरच्या चढावर उतरून ढकलावं लागेल. पुढे २२-२४ आणि मागे ३२-३४ असेल तर बसून चढता येतं.

ब्रेकचा दट्ट्या बोटांपासून लांब असेल तर नवी सायकल असतानाच जवळ करून घ्या. बहुतेक दट्ट्यांना त्यासाठी छोटा स्क्रू असतो, दुकानदार स्वतःहून सांगत नाही. तर्जनीचं पहिलं पेर सहज अडकायला हवं.

घेतल्यानंतर दुखलं तर

गुडघा पुढून दुखला तर सीट पाच-पाच मिलिमीटरने वर घ्या. मागून दुखला किंवा चालवताना कंबर डावी-उजवी हलत असेल तर खाली. मान आणि खांदे भरून येत असतील तर हँडल लांब किंवा खाली आहे. बोटं बधिर होत असतील तर आधी सीटचं नाक तपासा, मग हँडल. एका वेळी एकच बदल करा आणि दोन-तीन फेऱ्या मारून बघा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. दुखणं पंधरा दिवसांतही हटलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

सीट बरोबर उंचीला आली की सीटच्या दांड्यावर इलेक्ट्रिकल टेपची बारीक पट्टी खूण म्हणून चिकटवा. सर्व्हिसिंगला दिली की सीट हमखास खाली होऊन परत येते. पावसाळ्याआधी तो दांडा पूर्ण बाहेर काढा, पुसा, ग्रीसचा पातळ थर लावा आणि खुणेपर्यंत परत बसवा. आपल्या खाऱ्या हवेत दोन पावसाळे तसाच राहिला तर तो फ्रेममध्ये असा धरतो की पाना लावूनही फिरत नाही. फ्रेम कार्बनची असेल तर ग्रीस लावू नका, तिच्यासाठी वेगळी पेस्ट मिळते.