जुन्या डेस्कटॉपचं कॅबिनेट उघडण्याआधी

मशीन रखडायला लागलं की बहुतेकांच्या डोक्यात आधी प्रोसेसर येतो. खरं तर तो सगळ्यात शेवटी बदलायचा भाग. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी टास्क मॅनेजरमधला परफॉर्मन्स टॅब उघडून ठेवा आणि दहा मिनिटं रोजचं काम करा. डिस्क १०० टक्क्यांवर अडकली आहे आणि प्रोसेसर मात्र वीस-पंचवीस टक्क्यांवर निवांत आहे, असं दिसलं तर दुखणं हार्ड डिस्कचं. मेमरी सतत ९० टक्क्यांच्या आसपास आणि सोबत डिस्कचीही धावपळ चालू असेल, तर रॅम कमी पडतेय आणि विंडोज न मावणारं सामान डिस्कवर टाकतंय. प्रोसेसरच तापून वेग कमी करत असेल, तर नव्या प्रोसेसरऐवजी उष्णता वाहून नेणाऱ्या थर्मल पेस्टचा वाटाण्याएवढा थेंब आणि प्रोसेसरवरच्या धातूच्या हीटसिंकमधली धूळ काढणं एवढंच पुरतं.

बजेटमधल्या मशीनला खरी कलाटणी देते ती एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क मोठी फाइल सलग वाचताना सेकंदाला १०० ते २०० एमबी सहज देते. पण विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइली इथून-तिथून उचलाव्या लागतात आणि डिस्कचा बराच वेळ हेड हलवण्यातच जातो. साधी सॅटा (डिस्क जोडायची जुनी पद्धत) एसएसडी ५५० एमबीपर्यंत जाते आणि तिच्यात हलणारं काहीच नसतं. एनव्हीएमई या नव्या प्रकारच्या एसएसडीचा आकडा याच्या कितीतरी पट मोठा, तरी ब्राउझर, कागदपत्रं, हिशेब अशा कामात दोघींमधला फरक फारसा जाणवत नाही. तेव्हा बोर्डवर एम.२ स्लॉट (एसएसडी केबलशिवाय थेट बसवायची जागा) नसेल तर हळहळू नका.

स्लॉट असेल तर एक गफलत टाळा. एम.२ हे आकाराचं नाव आहे, वेगाचं नाही. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब, इतकंच. त्या स्लॉटला सॅटा चालते, एनव्हीएमई चालते की दोन्ही, हे मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्येच कळतं. तिथेच बारीक अक्षरात हेही दिलेलं असतं, की एम.२ वापरात आला की अमुक सॅटा पोर्ट बंद होतो. नवी एसएसडी बसवल्यावर जुनी डिस्क ‘गायब’ झाली तर ती मेली असं समजू नका, केबल दुसऱ्या पोर्टला लावून पाहा.

जुन्या डिस्कचं क्लोन, म्हणजे नव्या डिस्कवर हुबेहूब नक्कल, करणार असाल, तर आधी बॅकअप घ्या आणि बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की बाहेर लिहून ठेवा. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा मशीन चालू करताना फक्त नवी एसएसडी जोडलेली ठेवा. दोन्ही जोडल्या तर मशीन गुपचूप जुन्या डिस्कवरूनच सुरू होतं आणि ‘एसएसडी लावूनही काही फरक नाही’ म्हणून माणूस कपाळाला हात लावतो.

रॅममध्ये पिढी जुळलीच पाहिजे. डीडीआर ३ ला २४० पिना, डीडीआर ४ ला २८८, आणि खाच वेगळ्या जागी. स्टिक बसत नाही म्हणून जोर लावायचा नसतो, उलटी धरली आहे की चुकीची आणली आहे ते पाहायचं. ८ जीबीची एक घेण्यापेक्षा ४-४ च्या दोन बऱ्या, कारण त्या ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे एकाच वेळी दोन वाटांनी, चालतात. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनमध्ये याचा फायदा जास्त, कारण तिथे चित्र काढायलाही हीच मेमरी लागते. चार स्लॉट असतील तर दोन स्टिकसाठी बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट. वेगवेगळ्या वेगाच्या स्टिक एकत्र लावल्या तर सगळ्या सर्वांत मंद स्टिकच्या चालीने चालतात.

ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी एसएमपीएसच्या (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) स्टिकरवर नजर टाका. एकूण वॅटपेक्षा १२ व्होल्टच्या ओळीवर किती अँपिअर मिळतात ते महत्त्वाचं. स्लॉटमधून कार्डला फार तर ७५ वॅट मिळतात. त्यापुढे ६ पिनी जोड आणखी ७५ आणि ८ पिनी १५० वॅट देतो. तयार मिळणाऱ्या कंपनी डेस्कटॉपमध्ये एसएमपीएस आणि मदरबोर्डचा जोड अनेकदा त्यांचा स्वतःचाच असतो, बाजारातला २४ पिनी जोड तिथे लागत नाही. आणि सुट्या केबलींचा एसएमपीएस बदलताना जुन्याच्या केबली नव्याला कधीही लावू नका. जोड बसतो, पण आतली पिनांची रचना वेगळी असू शकते, आणि मग डिस्क जळतात.

प्रोसेसरचं म्हणाल तर सॉकेट (बोर्डवर प्रोसेसर बसवायची जागा) जुळलं म्हणजे चालेलच असं नाही. एलजीए ११५१ हे नाव इंटेलच्या सहाव्या ते नवव्या पिढीपर्यंत तेच राहिलं, तरी आठव्या पिढीचा प्रोसेसर सहाव्या-सातव्यासाठीच्या बोर्डवर चालत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) आणि इंटेल असेल तर साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते. त्याआधीच्या मशीनवर मोठा खर्च करण्यापूर्वी त्यावर कोणती सिस्टीम चालवणार ते ठरवा. लिनक्स चालणार असेल तर प्रश्नच मिटला.

आता घोळाकडे. एका वेळी एकच भाग बदला आणि दर वेळी मशीन चालू करून पाहा. पंखे फिरतात पण पडदा काळा, ही सर्वांत नेहमीची तक्रार. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डऐवजी मदरबोर्डला लागली आहे का, ते आधी पाहा. मग प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा, रॅम काढून पुन्हा बसवा, दोन्ही टोकं नीट बसेपर्यंत. तरीही नाही, तर एकच स्टिक, आलटून-पालटून वेगळ्या स्लॉटमध्ये.

इथेच एक सापळा आहे. रॅममधला दोष शोधण्याच्या नादात लोक बायोस (बोर्डची मूळ सेटिंग) रीसेट करतात, किंवा बोर्डवरचा सीआर २०३२ सेल आधीच संपलेला असतो (बंद केल्यावर दर वेळी घड्याळ मागे जातं, ती त्याचीच खूण). सेटिंग मूळपदावर जातं आणि डिस्कचा मोड रेडवरून एएचसीआयवर (डिस्क चालवायच्या दोन पद्धती) किंवा उलट सरकतो. पडदा येतो, पण विंडोज निळ्या पडद्यावर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणून थांबतं. नव्या एसएसडीवर संशय घेऊन विंडोज पुन्हा टाकू नका, मोड परत पूर्वीसारखा करा. म्हणूनच काम सुरू करण्याआधी बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत.

चालू मशीन अधूनमधून अडत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. ०५, सी५ आणि सी६ या ओळींचे आकडे शून्यावरून वाढत असतील तर आजच डेटा हलवा. सी७ वाढत असेल तर दोष बहुधा सॅटा केबलचा, केबल बदलली की आकडा थांबतो. रॅमवर संशय असेल तर मेमटेस्ट हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालू ठेवा. एकही चूक दिसली तर सुट्या स्टिक एकेक करून तपासा.

काहीच हालचाल नसेल तर एसएमपीएस बोर्डपासून सोडवून, २४ पिनी जोडातली हिरवी तार काळ्या तारेला जोडून पंखा फिरतो का पाहतात. फिरला तरी तो भार पेलेल याची खात्री मिळत नाही, फक्त पूर्ण मेलेला नाही इतकंच कळतं. आणि त्याचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज शिल्लक राहू शकतो.