सर्व्हरवर लॉगिन होत नाही? पासवर्ड बदलायच्या आधी हे बघा

चवथीच्या सुट्टीनंतर ऑफिसं उघडली की गोव्यात आयटी बघणाऱ्यांचे फोन वाजायला लागतात, पीसी पासवर्ड घेत नाही, रिसेट करून दे. प्लीज लगेच रिसेट मारू नका. पासवर्ड खरंच चुकलाय असं कमी वेळा निघतं, बहुतेकदा क्लायंटला सर्व्हर सापडत नाही किंवा दोघांच्या घड्याळांत फरक पडलेला असतो.

आधी पीसीच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल मारा आणि डीएनएसची (नावावरून आयपी शोधून देणारी सेवा) ओळ नीट वाचा, तिथे डोमेन कंट्रोलरचाच, म्हणजे ऑफिसातले लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरचाच आयपी पाहिजे. पावसात राउटर उडतो, नेटवाला नवीन बसवून जातो, त्याचं डीएचसीपी (पीसींना आयपी आणि डीएनएस आपोआप वाटणारी सेवा) चालूच राहतं आणि सगळ्या पीसींना तो गूगलचा 8.8.8.8 हा डीएनएस वाटत सुटतो, इंटरनेट एकदम मस्त चालतं म्हणून कुणाला संशयच येत नाही, पण तुमचं आतलं डोमेन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कचं नाव, गूगलला कुठून माहीत असणार? दुसरा डीएनएस म्हणूनसुद्धा बाहेरचा आयपी टाकू नका, तो सर्व्हरवर फॉरवर्डर म्हणून टाका, म्हणजे सर्व्हरला माहीत नसलेली नावं तो पुढे तिथे विचारेल. आयपी 169.254 ने सुरू होत असेल तर डीएचसीपीच मिळालेलं नाही, केबल आणि स्विच बघा. लाईट आल्यावर पीसी सर्व्हरच्या आधी उठले तरी हेच होतं.

मग घड्याळ. केर्बेरॉसला (डोमेनमध्ये लॉगिन तपासून प्रवेशाचं तिकीट देणारी पद्धत) डीफॉल्ट 5 मिनिटांपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे तो तिकीट नाकारतो. बरेच दिवस बंद राहिलेल्या जुन्या पीसीत मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल मेलेला असला की तारीख कुठल्या कुठे जाते. त्याहून फसवा प्रकार म्हणजे टाइमझोन, कोपऱ्यात वेळ बरोबर दिसते पण झोन अमेरिकेचा (पॅसिफिक) आणि वेळ कुणीतरी हाताने जुळवलेली, म्हणजे आतून यूटीसी (जगाची प्रमाणवेळ, केर्बेरॉस हीच बघतो) बारा-तेरा तासांनी चुकलेलं. झोन 5:30 वाला करा, मग डब्ल्यू32टीएम स्लॅश रिसिंक.

लॉगिन होतंय पण शेअर फोल्डर उघडत नाही, असं असेल तर फसू नका, विंडोज आधीचे लॉगिन साठवून ठेवतं त्यामुळे सर्व्हर बंद असला तरी आत जाता येतं. फोल्डर आधी सर्व्हरच्या नावाने उघडा, मग आयपीने. आयपीने उघडला आणि नावाने नाही, तर गडबड डीएनएस नाहीतर केर्बेरॉसमध्ये, पासवर्डमध्ये नाही.

अकाउंट सारखं लॉक होतंय? सर्व्हरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये इव्हेंट 4740 शोधा, कुठल्या मशीनवरून लॉक झालं ते नाव त्यात असतं. त्या मशीनच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा) जुना पासवर्ड सेव्ह असतो बऱ्याचदा, तो उडवा.

राहिला ट्रस्ट रिलेशनशिपचा एरर, म्हणजे डोमेन त्या पीसीला ओळखेनासं झालंय. पीसी महिनाभर बंद होता म्हणून ट्रस्ट तुटला असं सगळे सांगतात, ते खरं नाही, मशीनचा (डोमेनमधला त्या पीसीचा स्वतःचा) पासवर्ड 30 दिवसांनी बदलतो पण तो पीसी स्वतःच बदलतो, बंद असेल तर जुनाच चालतो. तुटतो तो जुनी इमेज किंवा बॅकअप परत टाकल्यावर, नाहीतर त्याच नावाचा दुसरा पीसी जोडल्यावर. लोकल अॅडमिनने आत जा, पॉवरशेल अॅडमिन म्हणून उघडा, टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनेल -रिपेअर द्या, सोबत -क्रेडेन्शियल लावून डोमेन अॅडमिनचं लॉगिन. एवढ्यावर नाही झालं तरच डोमेनमधून काढून परत जोडा, आणि त्याआधी लोकल अॅडमिनचा पासवर्ड चालतोय का ते बघूनच, नाहीतर रिस्टार्टनंतर त्या पीसीत शिरायला वाटच राहणार नाही.