क्रूसावरच्या येशूचं चित्र बघायचं कसं?

चेहऱ्याकडे लगेच जाऊ नका, आधी चित्रकार कुठे उभा राहून बघतोय ते शोधा. मोबाईलवर स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीचं १९५१चं क्रूसाचं चित्र काढा, मूळ ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह म्युझियममध्ये आहे. त्यात आपण येशूच्या डोक्याच्याही वर असतो, चेहरा दिसतच नाही, नुसते केस, खांदे आणि ताणलेले हात.

हा अँगल दालीचा स्वतःचा नाही बरं का. सोळाव्या शतकात स्पेनच्या आविलामधे संत जॉन ऑफ द क्रॉस यांना क्रूसावरच्या येशूचं दर्शन झालं आणि त्यांनी ते छोट्याशा कागदावर पेनने काढून ठेवलं, वरून तिरकं बघितल्यासारखं. दालीने ते स्केच बघितलं, शिवाय आपल्याला स्वप्नात हे चित्र रंगीत दिसलं असंही तो सांगायचा. पण नुसत्या स्वप्नाने खांद्याचे स्नायू काढता येतात होय! त्यासाठी त्याने रस सॉन्डर्स नावाच्या हॉलिवूडच्या स्टंटमनला वर टांगून घेतलं, म्हणजे वजन खाली ओढतं तेव्हा शरीर नेमकं कसं दिसतं ते कळावं.

घरी करून बघा, भावाला हात पसरून उभं करा, स्टुलावर चढून वरून फोटो काढा, पाय एकदम बारीक आणि आखूड येतील. तेच गणित आहे.

आता चित्राच्या खाली बघा, पोर्ट लिगातचं, म्हणजे दाली राहायचा त्या स्पेनच्या किनाऱ्यावरच्या गावाचं पाणी, होडी, कोळी. ते मात्र समोरून बघितल्यासारखं काढलंय! एकाच चित्रात दोन नजरा, म्हणून क्रूस हवेत तरंगतो.

मग जखमा बघा. दालीकडे खिळे नाहीत, रक्त नाही, काट्यांचा मुकुट नाही. लगेच जर्मन चित्रकार ग्रुनेवाल्डचं, इझेनहाइमच्या मठासाठी काढलेलं क्रूसाचं चित्र उघडा (साधारण १५१२ ते १५१६, आता फ्रान्समधे कोलमारला). अंगभर काटे रुतलेत, कातडी हिरवट, बोटं वाकडी होऊन ताठ पसरलीत. स्वीडनच्या संत ब्रिजिटने लिहून ठेवलेल्या दर्शनांमधे जखमांची अशी बारीक वर्णनं आहेत आणि अभ्यासक दोन्हीचा संबंध जोडतात, पण मला जास्त पटतं ते दुसरंच, की हे ज्या मठासाठी काढलं तिथे अंगाची आग होणाऱ्या, हातपाय सडणाऱ्या रोगाचे पेशंट यायचे, त्यांना स्वतःचंच अंग तिथे दिसत असणार.

शेवटी परत दालीकडे या आणि क्रूसाच्या वरच्या टोकाला झूम करा. जिथे 'यहुद्यांचा राजा' असं लिहिलेलं असतं तिथे घडी पडलेला कोरा कागद आहे.