बेंटनव्हिलला शिफ्ट व्हायचं का? आधी गाडी कोण चालवणार ते ठरवा

नवऱ्याला अर्कान्सा राज्यातल्या बेंटनव्हिलची ऑफर आली तेव्हा आम्ही सगळे करतात तेच केलं, एक्सेल उघडलं आणि भाड्यासमोर भाडं मांडलं. न्यूयॉर्कशेजारच्या जर्सी सिटीतल्या वन बेडरूमच्या पैशात अर्कान्सामध्ये तीन बेडरूमचं घर, गराज, मागे लॉन, झालं, अर्धा निर्णय तिथेच झाला. त्या एक्सेलमध्ये एक कॉलमच नव्हता, रोज गाडी किती वेळा काढायची आणि कोण काढणार.

म्हणून पहिलं काम हे करा. आत्ता राहताय तिथे एक आठवडाभर लिहून ठेवा, घरातलं कोण कधी कशासाठी बाहेर पडलं. दूध, लायब्ररी, डेंटिस्ट, नुसतं पाय मोकळे करायला, सगळं. माझ्या ३१ फेऱ्या निघाल्या आणि त्यातल्या २६ पायी नाहीतर पाथ ट्रेनने. आता प्रत्येकीसमोर लिहा, तिकडे हे गाडीशिवाय होईल का? बेंटनव्हिलला मी २६ पैकी २ वर टिक केली. सायकलचे ट्रेल्स छान आहेत, रेझरबॅक ग्रीनवे तर थेट फेएटव्हिलपर्यंत जातो, पण जुलैच्या उन्हात तांदळाची २० पौंडांची पिशवी घेऊन कोण सायकल मारणार.

आमटीला फोडणी बसली आणि कोथिंबीर नाही असं झालं की जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरला मी चपला घालून न्यूअर्क अव्हेन्यूवर जाऊन पाच मिनिटांत परत यायचे. इथे इंडियन ग्रोसरी आहे, चांगली आहे, पण साडेतीन मैलांवर, आणि त्यासाठी गॅस बंद करा, लेकीला कारसीटमध्ये बांधा, तिथे सोडवा, परत बांधा. आता आमच्याकडे आमटी बऱ्याचदा कोथिंबिरीशिवायच असते.

दुसऱ्या गाडीचा हिशोब हप्त्यावर करू नका. आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या इन्कम टॅक्स खात्याचा, २०२५ चा मायलेज रेट मैलाला ७० सेंट होता, त्यात पेट्रोल, इन्शुरन्स, मेंटेनन्स, गाडीची घटणारी किंमत सगळं धरलेलं असतं, तोच अंदाजाला घ्या. वर्षाला १२ हजार मैल म्हणजे ८,४०० डॉलर, महिन्याला ७००. भाड्यात वाचलेल्यातून हे वजा करा आणि मग बघा किती उरतं ते. शिवाय अर्कान्सामध्ये गाडीवर दरवर्षी पर्सनल प्रॉपर्टी टॅक्स असतो, ३१ मेच्या आत काउंटीकडे (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) गाडीची नोंद, असेसमेंट, करायचं आणि १५ ऑक्टोबरपर्यंत पैसे भरायचे, नाहीतर रजिस्ट्रेशन रिन्यू होत नाही. आम्हाला हे पहिल्या वर्षी कोणी सांगितलंच नाही आणि दंड बसला.

आता खरा प्रश्न, घरात ज्याला गाडी येत नाही त्याचं काय. आमच्यात ती मी होते. पुण्यात दहा वर्षं ॲक्टिव्हा चालवली पण कार कधी नाही, आणि जर्सी सिटीत गरजच पडली नाही. नवरा सकाळी गाडी घेऊन गेला की मी संध्याकाळपर्यंत घरात, असे पाच महिने गेले. लायसन्स मिळाल्यावरही लेफ्ट टर्नची इतकी भीती की मी तीन राइट टर्न घेऊन पोचायचे (हसू नका, अजूनही कधीकधी घेते). तेव्हा लायसन्स आणि थोडी प्रॅक्टिस निघायच्या आधी करा, तिथे जाऊन बघू म्हणू नका. आईबाबा सहा महिने येणार असतील तर त्यांचाही विचार करा. आई पहिल्या संध्याकाळी फिरायला निघाली आणि दहा मिनिटांत परत, म्हणाली अगं फुटपाथ संपला, पुढे नुसतं गवत. त्यानंतर ती ड्राइव्हवेमध्येच फेऱ्या मारायची, समोरचे शेजारी गाडीतून हात करायचे.

बघायला जाल तर वीकेंडला जाऊ नका. वीकेंडला क्रिस्टल ब्रिजेस म्युझियम फुकटात बघून सगळेच प्रेमात पडतात. फेब्रुवारीत नाहीतर जुलैत आख्खा आठवडा जा, एकच गाडी भाड्याने घ्या आणि ऑफिसच्या वेळेत ती एकाच्याच ताब्यात ठेवा, दुसऱ्याने घरीच राहायचं. तिसऱ्या दिवशी भांडण झालं तर तेही लिहून ठेवा.

व्हिसावर असाल तर वकिलाला आधी विचारा. एचवनवर (नोकरीच्या व्हिसावर) दुसऱ्या मेट्रो एरियात कामाला जायचं तर त्याच कंपनीतही व्हिसाच्या अर्जात बदल, म्हणजे अमेंडमेंट, फाइल करावं लागतं, आणि ग्रीन कार्डची पहिली पायरी असलेलं पर्म लोकेशनला बांधलेलं असतं, ते परत करावं लागू शकतं. नोकरी गेली तर दुसरी शोधायला हातात जास्तीत जास्त ६० दिवस. न्यू जर्सीत ट्रेनच्या अंतरावर शेकडो कंपन्या, इथे वॉलमार्ट, जवळच स्प्रिंगडेलला चिकन-मटणवाली टायसन, लोवेलला ट्रकवाली जे बी हंट आणि त्यांच्यावर जगणारे व्हेंडर. माझ्या मते भाड्यापेक्षा हे मोठं आहे, पण यावर कोणी बोलत नाही. म्हणून पहिलं वर्ष लीजवरच राहा, घर घ्यायची घाई नको, आजूबाजूचे सगळे घेत असले तरी.

आणि मुलं मोठी झाली की आपापली जातील असं मनात असेल तर अर्कान्सात लर्नर्स १४ व्या वर्षी मिळतं, तेही शेजारी मोठं माणूस बसवून. आमची चार वर्षांची आहे, म्हणजे अजून दहा वर्षं ड्रायव्हर मीच.