ग्लायकॉलचे ड्रम: स्टोअरमधल्या या चुका टाळा

ग्लायकॉल म्हणजे चिलरमध्ये (गार पाणी फिरवणाऱ्या यंत्रणेत) पाणी गोठू नये म्हणून मिसळतात ते द्रव. दिसायला पाण्यासारखं, वास जवळपास नाही, आणि नेहमीच्या तापमानाला ठिणगीनं पेटही घेत नाही. म्हणून चिलर प्लांटच्या स्टोअरमध्ये त्याच्याकडे कुणी धोक्याची वस्तू म्हणून पाहत नाही.

सर्वांत महागात पडते ती ड्रम उघड्यावर उभे ठेवण्याची सवय. बंग (ड्रमच्या तोंडाचं आट्यांचं बूच) घट्ट बसवलाय म्हणून निर्धास्त राहू नका. दुपारच्या उन्हात ड्रममधली हवा फुगते आणि बंगच्या आट्यांतून थोडी बाहेर पडते. संध्याकाळी सर आली, पत्रा गार झाला, की आत ओढ बसते आणि झाकणावर साचलेलं पाणी त्याच आट्यांतून ड्रममध्ये जातं. त्यात ग्लायकॉल स्वतःही हवेतला ओलावा ओढतं. ड्रम छपराखाली पॅलेटवर ठेवा. छप्पर नसेल तर आडवे ठेवून दोन्ही बंग घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी आणा. ड्रम हातानं लोळवू नका, ट्रॉली वापरा. २०० लिटर एथिलीन ग्लायकॉलचंच वजन २२० किलोंच्या पुढे जातं.

सांडलं तर ब्लीचिंग पावडर मारायची नाही. ही चूक जीवघेणी आहे. पावडरीतलं हायपोक्लोराइट ग्लायकॉलशी मिसळल्यावर काही क्षण काहीच घडत नाही, मग धूर येतो आणि भडका उडतो. त्या शांततेमुळेच माणूस जवळ थांबलेला असतो. कोरडी वाळू टाका, फावड्यानं भरून झाकणाच्या डब्यात ठेवा. ब्लीचिंग पावडर, परमँगनेट यांचा साठा वेगळ्या खोलीत हवा. पाणी मारून गटारात सोडलंत तर तिथले जिवाणू ग्लायकॉल खाताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, आणि नाल्यातले मासे मरतात.

सिस्टिममध्ये भरताना बोअरचं पाणी नको. त्यातल्या कॅल्शियममुळे इनहिबिटर (ग्लायकॉलमधलं गंजरोधक रसायन) साक्यासारखा खाली बसतो. क्लोराइडमुळे गंज लागतो. डीएम (क्षार काढलेलं) पाणीच घ्या. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले) पाइपही टाळा, जस्त इनहिबिटरशी लढून गाळ करतं. गळती झाली की नुसतं पाणी टाकत राहिल्यानं ग्लायकॉलचं प्रमाण २५ टक्क्यांखाली येतं. मग जिवाणू वाढतात, आंबूस वास येतो, स्ट्रेनरवर (पाइपमधल्या गाळणीवर) बुळबुळीत थर बसतो. प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरनं (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणानं) तपासा, पण एथिलीन ग्लायकॉलची मोजपट्टी प्रोपिलीन ग्लायकॉल या दुसऱ्या प्रकाराला लावू नका. पीएच ७ च्या खाली गेला की गंज सुरू झाल्याचं धरा.

नमुना पाण्याच्या बाटलीत कधीही काढू नका. एथिलीन ग्लायकॉल गोडसर लागतं आणि मोठ्या माणसाला साधारण १०० मिलिलिटरही मारक ठरू शकतं. डायएथिलीन ग्लायकॉल हा आणखी एक प्रकारही तसाच विषारी: १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ते मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. ड्रमावर ग्रेड आणि बॅच नंबर ठळक हवेत, रिकामा ड्रम पिण्याच्या पाण्याला देऊ नये.

चुकून पोटात गेलं तर लक्षणांची वाट पाहू नका. सुरुवातीला माणूस नुसता प्यायल्यासारखा वाटतो, काही तासांत रक्तातलं आम्ल वाढतं, मूत्रपिंडं एकदोन दिवसांत बंद पडतात. उलटी करवू नका. लगेच रुग्णालयात न्या आणि लेबलचा फोटो सोबत ठेवा, कारण कुठलं ग्लायकॉल ते कळल्यावर डॉक्टरांना उतारा ठरवता येतो.