संकटातल्या मदतीवर लिहिताय? मग या चुका टाळा

स्पर्धा परीक्षांचे निबंध, अभिरूप संयुक्त राष्ट्रसंघाची टिपणं, नव्या पत्रकारांचे लेख असं बरंच काही माझ्याकडे तपासायला येतं. त्यांत कुठे भूकंप किंवा वादळ आलं की लगेच चार मित्रदेशांची विमानं निघतात, युद्धनौका पोहोचतात आणि पुढच्या परिच्छेदात ‘सहकार्याचं नवं पर्व’ सुरू झालेलं असतं. मधलं सगळं गायब. खरी मुत्सद्देगिरी त्या मधल्या भागातच घडते.

संकटात सापडलेल्या देशालाच विसरणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. मे 2008 मध्ये नर्गिस चक्रीवादळ म्यानमारच्या इरावती त्रिभुज प्रदेशात घुसलं. मृत आणि बेपत्ता मिळून आकडा 1 लाख 38 हजारांच्या घरात गेला. अमेरिकेची यूएसएस एसेक्स ही नौका आणि तिचा ताफा किनाऱ्यापासून जवळच येऊन थांबला. हेलिकॉप्टर तयार, पाणी तयार. लष्करी राजवटीने परवानगी दिली नाही आणि जूनच्या सुरुवातीला ताफा माघारी फिरला. फ्रान्सच्या मिस्त्राल नौकेलाही आणलेलं सामान शेवटी थायलंडमध्ये उतरवावं लागलं.

हाच प्रसंग मी कार्यशाळेत सरावाला देतो. एका खेपेला एका हुशार मुलाने बसल्याबसल्या तोडगा काढला: परवानगी कशाला हवी, वरून धान्य टाका. वर्गाने टाळ्या वाजवल्या. म्यानमारची बाजू ज्या मुलीकडे होती, तिने काहीच वाद घातला नाही. मदतकर्मींचे व्हिसाचे अर्ज तिने एका फायलीत लावून ठेवले आणि प्रत्येकाला ‘विचाराधीन आहे’ एवढंच लिहून दिलं. समोरचे देश निषेधाचा ठराव कडक करत राहिले. संध्याकाळपर्यंत ठराव झकास झाला, पण तांदळाचं एक पोतं हललं नाही. ‘सर, तिकडे माणसं मरताहेत,’ असं तो मुलगा कळवळून म्हणाला. त्याची तळमळ खरी होती. फ्रान्सचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री बर्नार्ड कुश्नेर यांनीही संरक्षणाच्या जबाबदारीचं तत्त्व (सरकार आपल्या लोकांना वाचवत नसेल तर जगाने पुढे व्हायचं) पुढे करून असाच आग्रह धरला होता. सुरक्षा परिषदेत त्यावर काही पुढे सरकलं नाही.

वाट निघाली ती शेजाऱ्यांमुळे. 19 मे रोजी आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचे परराष्ट्रमंत्री सिंगापूरला बसले आणि मदत आसियानच्या हातून आत न्यायचं ठरलं. मग संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून जाऊन लष्करी राजवटीचे प्रमुख जनरल थान श्वे यांना भेटले, यांगूनला परिषद झाली आणि आसियान, म्यानमार सरकार व संयुक्त राष्ट्रं यांचा त्रिपक्षीय गट कामाला लागला. भारताच्या आयएनएस राणा आणि आयएनएस किरपाण या नौका तर त्याच्या कितीतरी आधी यांगूनला पोहोचल्या होत्या. दिल्लीने राजवटीशी बोलणं तोडलं नव्हतं, त्याचा हा उपयोग. काहींना हे धोरण आवडत नाही, पण उपाशी माणसापर्यंत त्या आठवड्यात कोण पोहोचलं, हे मी आधी बघतो.

माझी सवय अशी: मदत कोणी मागितली, परवानगी कोणी दिली आणि आत गेल्यावर हुकूम कोणाचा, एवढं कागदाच्या डोक्यावर लिहिल्याशिवाय मी पुढची ओळ लिहीत नाही. ऑक्टोबर 2005 च्या काश्मीर भूकंपानंतर भारताने पाकिस्तानला हेलिकॉप्टर देऊ केली. पाकिस्तानला हेलिकॉप्टर हवी होती, भारतीय वैमानिक नको होते. भारताला ते मान्य नव्हतं, आणि गाडं तिथेच अडलं.

मोठी विमानं म्हणजे मोठी मदत, असं समजणं

2015 च्या भूकंपात काठमांडूच्या एकुलत्या एक धावपट्टीला तडे गेले आणि अवजड विमानं उतरवणं बंद करावं लागलं. ब्रिटनची चिनूक ही अवजड हेलिकॉप्टर भारतापर्यंत आली; नेपाळने परवानगी न दिल्याने तशीच परत गेली.

जाहीर झालेला निधी पोहोचला, असं धरणं

‘दिले’ आणि ‘देऊ म्हणाले’ हे दोन वेगळे रकाने ठेवा.

वाटेल ते पाठवणं म्हणजे माणुसकी, असं लिहिणं

2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग पडून राहिले होते. तेवढं आठवलं तरी पुरे.

प्रत्येक गटाला लष्करी आघाडी ठरवणं

क्वाड हा चार देशांचा गट. ‘क्वाड म्हणजे आशियाची नाटो’ हे वाक्य तयार नोट्समधून आलेलं असतं. मला ते लगेच ओळखू येतं. नाटो या अमेरिका-युरोपच्या लष्करी आघाडीच्या करारात पाचवं कलम आहे: एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा हल्ला. ते आजवर एकदाच लागू झालं, अमेरिकेवरच्या 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर. क्वाडकडे असा करारच नाही. त्याची मुळं आहेत 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत. अमेरिका, भारत, जपान, ऑस्ट्रेलिया यांनी मदतीसाठी गट केला आणि जानेवारी 2005 च्या सुरुवातीलाच काम संयुक्त राष्ट्रांकडे सोपवून तो बंद केला. 2007 ची पहिली बैठक, 2008 मधली ऑस्ट्रेलियाची माघार, 2017 चं पुनरुज्जीवन हे सगळं नंतरचं. आपत्तीतल्या मदतीसाठीची क्वाडची मार्गदर्शक तत्त्वं तर 2022 मध्ये सह्या होऊन आली.

उलट ‘फ्रांझ’ हे नाव मला निबंधात जवळपास सापडतच नाही. फ्रान्स, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी 1992 मध्ये केलेला हा साधा समझोता आहे: पॅसिफिकमधल्या बेटावर संकट आलं की तिघांनी मिळून, ठरवून मदत करायची. जानेवारी 2022 मध्ये टोंगात ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा तो कामी आला. धावपट्टीवर राख साचली होती. लोकांनी फावडी आणि हातगाड्या घेऊन ती उपसली, तेव्हा कुठे न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाची विमानं उतरली. न्यूझीलंडची एओटेरोआ नौका अडीच लाख लिटर पाणी घेऊन पोहोचली. त्यातच ऑस्ट्रेलियाच्या ॲडलेड नौकेवर करोनाचे रुग्ण निघाले. टोंगाने आपलं बेट साथीपासून जपलं होतं. त्यामुळे सामान उतरवताना संपर्क नको आणि उतरवलेलं सामान 72 तास बाजूला ठेवायचं, असा टोंगाचा नियम होता. लाखभर लोकसंख्येच्या देशाने घातलेला नियम बड्या देशांनी पाळला. तरीही फेब्रुवारीच्या सुरुवातीला बंदरावर काम करणारे दोघे बाधित निघाले आणि टाळेबंदी लागली. म्हणजे टोंगाची भीती काही उगाच नव्हती.

संयुक्त निवेदन एकटंच वाचणं

निवेदनाचा सारांश मोबाइलवर वाचून लेख पाडणाऱ्यांशी माझं जमत नाही. मी मागच्या वेळचं निवेदन शेजारी ठेवतो आणि काय नव्याने आलं, काय गळलं, ते पेन्सिलीने खुणावतो. मग कोणाचं नाव घ्यायचं टाळलंय, ते शोधतो. जुलै 2025 मध्ये क्वाडच्या परराष्ट्रमंत्र्यांनी पहलगाम हल्ल्याचा कडक शब्दांत निषेध केला, पण पाकिस्तानचं नाव घेतलं नाही. ‘क्वाड भारताच्या पाठीशी’ असा मथळा देताना ही दुसरी गोष्टही त्याच परिच्छेदात यायला हवी.